साताऱ्यात एस्टीमला क्रँक स्क्रेपर बसवून घेतला

माझी मारुती एस्टीम गाडी 2002 ची, 1298 सीसी, 16 व्हॉल्व्हची. गेल्या वर्षी कोईमतूरच्या कारी ट्रॅकवर नेली तेव्हा चार-पाच फेऱ्या झाल्या की ऑइल प्रेशरचा काटा थरथरायला लागायचा. पंप नवा, लेव्हल बरोबर, बेअरिंगही तपासलेली. तरी इंजिन सहा हजार आरपीएमच्या वर धरलं की काटा ठरत नव्हता. पिटमध्ये आणून लगेच ऑइलची लेव्हल बघायची पट्टी ओढली, तर ऑइलवर बारीक बुडबुडे.

पिस्टनचा रॉड क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, जिथं जोडलेला असतो तिथल्या रॉड बेअरिंगपर्यंत प्रेशरनं गेलेलं ऑइल बेअरिंगच्या कडेनं बाहेर उडतं. ते सगळं सरळ खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, पडत नाही, बरंचसं फिरत्या क्रँकभोवतीच लपेटून राहतं. क्रँकवरच्या काउंटरवेटचं, म्हणजे तोल साधणाऱ्या वजनाचं, टोक केंद्रापासून 70 मिलिमीटरवर धरलं, तर 6500 आरपीएमला त्या टोकाचा वेग ताशी 170 किलोमीटर होतो. एवढ्या वेगानं ऑइल घुसळलं की त्यात हवा शिरते, ते तापतं आणि ते घुसळण्यात इंजिनची ताकद फुकट जाते. त्यावरचा उपाय म्हणजे स्क्रेपर. ब्लॉक आणि चेंबर यांच्या मध्ये बसणारी पत्र्याची चौकट असते. तिच्या आतल्या कडेचे दात क्रँकच्या आकाराप्रमाणे कापलेले असतात. ते क्रँकला टेकत नाहीत, पण इतक्या जवळ असतात की भोवतीचं ऑइल खरवडून खाली पाडतात.

माझ्या इंजिनला तयार स्क्रेपर मिळाला नाही. चेंबरच्या कडेवर पुठ्ठा ठेवून छाप घेतला, त्यावरून ड्रॉइंग केलं आणि कोल्हापूरला 1.6 मिलिमीटरच्या पत्र्यातून लेझरवर कापून आणला. दात मुद्दाम दोन मिलिमीटर जादा ठेवले होते. इथपर्यंत कुणालाही जमेल. खरं काम बसवण्यात आहे, आणि म्हणूनच साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या या वर्कशॉपबद्दल लिहितोय. बाहेर पाटी नाही, आत दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि साठीचे मिस्त्री. सगळे त्यांना मामा म्हणतात.

पिस्टनच्या रिंगा बदलायच्या होत्या म्हणून इंजिन उतरवलेलंच होतं. मामांनी ते स्टँडवर उलटं केलं, प्लग काढले, पत्रा चार बोल्टवर धरला आणि पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँक हातानं फिरवला. जिथं अडलं तिथं थांबून दाताच्या कडेला निळा रंग लावला. पुन्हा हळूच फिरवून रंग कुठं पुसला ते बघितलं. मग पत्रा काढून व्हाइसमध्ये धरला, कानशीचे दोन हात मारले आणि परत बसवला. माझ्यासमोर एका दातासाठी हे अकरा वेळा झालं. ग्राइंडर शेजारीच पडला होता, पण तो त्यांनी हातात घेतला नाही. जादा गेलेला पत्रा परत येत नाही, एवढंच म्हणाले.

फट किती ठेवायची यावर मी एक मिलिमीटर म्हणत होतो. मामा म्हणाले, "हातानं फिरवताना क्रँक सरळ हाय. साडेसहा हजाराला त्यो वाकतो, म्होरं-मागं बी सरकतो. ती जागा त्येला सोडायलाच पायजे." त्यांनी 1.2 मिलिमीटर पत्र्याची एक पट्टी कापली आणि तीच गेज म्हणून वापरली. प्रत्येक दातापाशी पट्टी सैल सरकली पाहिजे. रॉडच्या आणि वेटच्या बाजूंना त्यांनी दोन मिलिमीटर सोडले. चौथ्या सिलिंडरच्या काउंटरवेटची कड बाकीच्यांपेक्षा अर्धा मिलिमीटर बाहेर होती. ड्रॉइंगमध्ये मी चारही सारखी धरली होती. पत्रा न तपासता चढवला असता तर पहिल्याच स्टार्टला तिथं घासला असता. रॉडच्या बोल्टची डोकीही अशीच एकेक करून बघितली.

पत्रा आणि सांधा बंद करायला लावलेलं सिलिकॉन यांमुळे चेंबर सुमारे दोन मिलिमीटर खाली जातो, म्हणजे पंप ज्यातून ऑइल ओढतो ती जाळी, स्ट्रेनर, तळापासून तेवढा वर राहतो. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मामांनी डब्यातल्या कणकेचा गोळा तळाला चिकटवला, चेंबर दाबून बसवला, काढला आणि दबलेली जाडी मोजली. आधी 9 होती, आता 11 भरली. तेवढ्यानं अडत नाही म्हणून तसंच ठेवलं, आणि नंतर कणकेचा कणही राहू नये म्हणून चेंबर दोनदा रॉकेलनं धुतला.

सिलिकॉन पत्र्याच्या दोन्ही बाजूंना, पण बारीक रेघ. याबद्दल मला विशेष बरं वाटलं. आधी दुसऱ्या गावच्या एका गॅरेजात चेंबर बसवला होता, तो आता उघडला तर स्ट्रेनरच्या जाळीत सिलिकॉनचे तुकडे अडकलेले निघाले. इंजिन वाचलं हे नशीब. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, त्यामुळे बोल्ट टॉर्क रेंचनं 11 न्यूटन-मीटरला, मधून बाहेरच्या दिशेनं आवळले.

तक्रारीही आहेत. तीन दिवस सांगून नऊ दिवस लागले आणि त्या काळात फोन उचलला जात नव्हता. पोवई नाक्यावरून रोज रिक्षानं जाऊन बघावं लागलं. ऑइलची पट्टी जिथून उतरते तिथं पत्रा आडवा येत होता, हे चेंबर बसल्यावर कळलं. सगळं पुन्हा उघडावं लागलं. तेवढं आधी बघायला हवं होतं. उघडण्याचे वेगळे पैसे मात्र घेतले नाहीत. मजुरी 7500 रुपये, रिंगांचं काम वेगळं. बिल हातानं लिहिलेलं, एका ओळीचं.

पाचशे किलोमीटरला ऑइल बदलताना जुनं ऑइल फडक्यातून गाळलं आणि चुंबक फिरवला. लोखंडाचा कीस आला नाही. मग पुन्हा कारीला गेलो. सातव्या फेरीलाही सरळ रस्त्यावर काटा जागचा हलला नाही आणि पट्टीवर बुडबुडे नव्हते. ताकद किती वाढली ते डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, मोजलेलं नाही, त्यामुळे आकडा देत नाही. लांब उजव्या वळणावर प्रेशर अजूनही किंचित पडतं. ऑइल चेंबरच्या एका बाजूला धावतं आणि स्ट्रेनर उघडा पडतो, ते स्क्रेपरनं थांबत नाही. त्यासाठी चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या वेल्ड कराव्या लागतात. ते काम दिवाळीनंतर मामांकडेच टाकणार आहे. या वेळी ऑइलच्या पट्टीची जागा आधी खडूनं आखून नेईन.