शब्द राहिले, अर्थ गेले: शब्दखेळाच्या ॲपचा वर्षभराचा अनुभव

स्क्रॅबल म्हणजे अक्षरांच्या टाइल्स पटावर लावून शब्द जुळवण्याचा खेळ. त्याच्या सरावाच्या ॲपचा हा अनुभव मी वर्गणीची मुदत संपताना लिहिणार होते, आणि चांगलाच लिहिणार होते. पण मधल्या अपडेटनंतर ई-यू-ओ-यू-ए-ई या इंग्रजी शब्दाचा नीट लिहिलेला अर्थ गायब झाला, म्हणून आत्ताच लिहायला बसले आहे.

या प्रकारच्या ॲपमध्ये काय असतं ते स्क्रॅबल खेळणाऱ्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: कॉलिन्सची यादी, म्हणजे खेळात ग्राह्य इंग्रजी शब्दांची; ॲनाग्रामचा, म्हणजे विस्कटलेल्या अक्षरांतून शब्द ओळखण्याचा सराव; हुक, म्हणजे तयार शब्दाला पुढे-मागे लागणारं अक्षर; आणि कार्डबॉक्स, म्हणजे शब्द ठरावीक दिवसांनी पुन्हा विचारणारी पेटी. हे सगळं आजही उत्तम चालतं. शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने समोर येतात, शब्द आपण ओळखायचा. शब्द चुकला की तो दुसऱ्या दिवशी परत येतो, बरोबर आला की दर वेळी जास्त दिवसांनी. शोध नेट नसतानाही चटकन लागतो. कार्डबॉक्सबद्दल माझी तसूभरही तक्रार नाही. नुसत्या सरावासाठी घेणार असाल तर जरूर घ्या आणि पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

पहिले काही महिने मीही अर्थांकडे फारसं बघत नव्हते. चॅलेंज झालं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने शब्दाला आक्षेप घेतला, की शब्द ग्राह्य की अग्राह्य एवढंच ठरतं, अर्थ कुणी विचारत नाही. स्क्रॅबलपटू नायजेल रिचर्ड्सला फ्रेंच बोलता येत नव्हतं, तरी २०१५ मध्ये तो फ्रेंच स्क्रॅबलचा विश्वविजेता झाला आणि २०२४ मध्ये स्पॅनिशचाही. असं उदाहरण डोळ्यांसमोर असल्यावर अर्थ ही शोभेची गोष्ट वाटणारच. माझं मत बदललं ते हुकांमुळे.

२०१९ च्या कॉलिन्स यादीत दोन अक्षरी शब्द १२७ होते. तेवढे कुणीही पाठ करतं. कस लागतो तो पुढे, कुठल्या शब्दाला एस लागतो आणि कुठल्याला नाही इथे. क्यू-ए-टी ही चघळायची पानं, म्हणजे नाम, म्हणून एस लागतो. क्यू-यू-ए म्हणजे 'च्या नात्याने'. त्याचं अनेकवचन कसं होणार? सी-आर-डब्ल्यू-टी-एच हे वेल्समधलं जुनं तंतुवाद्य, त्याला फक्त एस. सी-डब्ल्यू-टी-सी-एच हाही वेल्समधलाच, पण त्याचा अर्थ कुशीत घेणं, म्हणजे क्रियापद, म्हणून त्याला ई-डी आणि आय-एन-जी दोन्ही चालतात. अर्थ डोक्यात असेल तर हे वेगळं घोकावं लागत नाही. ज्यांची स्मरणशक्ती रिचर्ड्ससारखी नाही, म्हणजे आपण जवळजवळ सगळे, त्यांना शब्द टांगून ठेवायला अर्थाचीच खुंटी लागते.

जुन्या आवृत्तीत हे अर्थ कुणीतरी मन लावून लिहिलेले होते. सी-डब्ल्यू-एम उघडलं की हिमनदीने कोरलेली वाडग्याच्या आकाराची दरी असा अर्थ यायचा, आणि खाली एव्हरेस्टवरच्या वेस्टर्न कूमचा (कूम हा याच शब्दाचा उच्चार) उल्लेख. ते नाव गिर्यारोहक मॅलरीने १९२१ मध्ये दिलं. आता तिथे फक्त 'दरी' आहे. हवाईतला ए-ए म्हणजे खडबडीत, टोकेरी लाव्हा. तिथे आता 'खडक'.

आणि आता तो ई-यू-ओ-यू-ए-ई. सहा अक्षरं, सहाही स्वर, एकही व्यंजन नाही. जुन्या अर्थात लिहिलं होतं की ग्रेगोरियन गायनात, म्हणजे चर्चमधल्या जुन्या लॅटिन गायनात, स्तोत्राचा शेवट 'सेक्युलोरम आमेन' या शब्दांनी होतो, आणि तिथली सुरावट दाखवायला त्या दोन शब्दांतले नुसते स्वर लिहीत. सेक्युलोरममधून ई, यू, ओ, यू. आमेनमधून ए, ई. एवढं एकदा वाचलं की स्पेलिंग पुन्हा कधी चुकणं शक्य नाही. शिवाय ही एका वस्तूची संज्ञा, म्हणजे नाम, म्हणून एस लागतो, सात अक्षरं होतात आणि हातातल्या सातही टाइल्स एकदम लावल्याचे वर ५० गुण. जवळचाच ई-यू-ओ-आय हा मद्यदेव बाकसच्या भक्तांचा उन्मादातला उद्गार. उद्गार असल्यामुळे त्याला एस लागत नाही. स्वरांनी भरलेल्या रॅकवर (हातातल्या टाइल्सची पट्टी) दोन्ही उपयोगाचे, आणि दोघांतला फरक फक्त अर्थातून कळतो. नव्या आवृत्तीत पहिल्यासमोर 'संगीतातील संज्ञा' आहे, दुसऱ्यासमोर 'उद्गार'. १०० टाइल्समध्ये यू फक्त चार असतात आणि या शब्दाला त्यातले दोन हवेत, त्यामुळे तो पटावर क्वचितच पडणार, हे मला माहीत आहे. तरीही मी हा मुद्दा सोडणार नाही. इतका सुंदर अर्थ लिहिलेला असताना तो पुसायचा कशासाठी?

काही ठिकाणी तर अर्थच उरलेला नाही. झेड-ओ उघडा, 'डी-झेड-ओ पाहा'. ते उघडा, 'झेड-एच-ओ पाहा'. ते उघडा, पुन्हा झेड-ओ. याक आणि गाय यांच्या संकरातून झालेलं जनावर, एवढं एक वाक्य तिन्हींपैकी एकाही ठिकाणी नाही.

मी कंपनीला लिहिलं. पहिलं उत्तर आलं, ॲप काढून पुन्हा टाका. टाकलं. मग आलं की बहुतेक खेळाडूंना थोडक्यात अर्थ आवडतात. तिसऱ्या पत्रासोबत मी शब्दांची यादी जोडली, जुना अर्थ आणि नवा अर्थ शेजारी शेजारी. त्यावर आठवडाभर शांतता, आणि नंतर आलेल्या अपडेटमध्ये 'सविस्तर अर्थ' परत दिसले. मनापासून आनंद झाला, पण बटण दाबल्यावर कळलं की ते वरच्या वर्गणीत आहेत आणि नेट असेल तरच उघडतात. वर्षाची वर्गणी एकरकमी भरली तेव्हा जे त्यात होतं, त्याचेच आता वेगळे पैसे. हे मी देणार नाही. रक्कम मोठी नाही, पण एकदा विकत घेतलेली वस्तू दुसऱ्यांदा विकत घ्यायची माझी तयारी नाही.

एका गोष्टीमुळे मात्र मी ॲप काढून टाकलेलं नाही. प्रत्येक शब्दाखाली स्वतःची टीप लिहायला जागा आहे, ती या अपडेटमध्ये शाबूत राहिली आणि नेटशिवाय दिसते. रोजच्या सरावात जो शब्द अडतो त्याचा अर्थ मी मोठ्या शब्दकोशात बघून तिथे मराठीत लिहिते. दोनतीन ओळी पुरतात: वस्तू काय, शब्द कुठला, नाम की क्रियापद. सरावात उत्तरानंतर ही टीप आपोआप समोर येते, त्यामुळे माझ्यापुरता हा भाग आता पूर्वीपेक्षा चांगला झाला आहे.

पाचपैकी तीन तारे, अपडेटच्या आधी साडेचार दिले असते. पुढची वर्गणी वर्षाची न भरता महिन्याची भरणार आहे. तुम्ही अजून जुन्या आवृत्तीवर असाल तर आपोआप होणारं अपडेट आधी बंद करा आणि कार्डबॉक्स व टिपा फाइलमध्ये उतरवून घ्या. सेटिंग्जमध्ये सगळ्यात खाली तो पर्याय आहे, नेट लागत नाही. टिपांसमोरची खूण मात्र स्वतः करावी लागते, नाहीतर फाइलमध्ये नुसते शब्द येतात.