बीएमडब्ल्यू एम३४०आय: वर्षभर वापरल्यानंतर थोडं इंजिनाबद्दल, जास्त टायरबद्दल

रविवारी मिसळीच्या टेबलावर नवा भिडू आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: शंभरला किती सेकंद? ४.४, असं कंपनी सांगते. गाडी तेवढी पळते याबद्दल मला शंका नाही. पण नाशिकमध्ये राहून ही गाडी घ्यायची असेल तर आधी टायरची साइडवॉल, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामधलं रबर, किती मिलिमीटर आहे ते विचारा.

माझी गाडी २०२१ची, सेकंड हँड. भारतात हे मॉडेल मार्च २०२१ मध्ये चेन्नईत जुळणी होऊन आलं, ६२.९० लाख एक्स-शोरूमला. तीन लिटरचं सहा सिलिंडर टर्बो पेट्रोल, ३८७ एचपी, ५०० एनएम टॉर्क (ओढ). २०२२च्या शेवटी फेसलिफ्ट (सुधारित आवृत्ती) आली, तिच्यात माइल्ड हायब्रिड (इंजिनाला हातभार लावणारी छोटी इलेक्ट्रिक मोटर) आलं, एचपी ३७४ झाले आणि एसीची बटणं स्क्रीनमध्ये गेली. नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत रिक्षा चुकवताना स्क्रीनवर एसी शोधत बसायची माझी तयारी नाही, म्हणून जुनीच घेतली.

इंजिनाबद्दल वाद नाही. हेच इंजिन, बी५८ नावाचं, टोयोटाच्या सुप्रा या स्पोर्ट्स कारमध्येही आहे. सहाही सिलिंडर एका रांगेत असले की पिस्टनचे हादरे एकमेकांना मारतात, त्यामुळे सिग्नलला गाडी चालू आहे की बंद तेही कळत नाही. मर्सिडीजची सी४३ आता दोन लिटरच्या चार सिलिंडरमधून ४०० एचपीच्या वर जाते. कागदावर ती पुढे. पण मला विचाराल तर या पैशात चार सिलिंडरचा आवाज ऐकायचा नाही. (मिसळ गार होईपर्यंत यावर भांडण झालेलं आहे.)

ही ताकद खरी कामाला येते ती दिंडोरी-वणी रस्त्यावर. द्राक्षाचा हंगाम, पुढे क्रेट रचलेली पिकअप, तिच्यापुढे ट्रॅक्टर आणि समोरून रस्ता जेमतेम मोकळा. पाय दाबला की झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तीन-चार गिअर खाली उतरतो. दोन हजार आरपीएमच्या आतच सगळा टॉर्क हाताशी असतो. पिकअपवाला हात बाहेर काढून 'जा' म्हणेपर्यंत आपण दोघांनाही मागे टाकून आपल्या बाजूला परत आलेलो असतो. समृद्धीवर हीच गाडी १२०च्या मर्यादेत जांभया देते. तिथे तीस-चाळीस लाखांची कुठलीही बरी सेडान तेवढाच आनंद देईल.

आता टायर. पहिल्या मालकाने हौसेने १९ इंची चाकं बसवली होती. दिसायला देखणी. पुढे २२५/४०, मागे २५५/३५. पहिला आकडा रुंदी, दुसरा म्हणजे साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये पुढे ९० मिलिमीटर आणि मागे ८९ मिलिमीटर रबर. गोंद्याजवळ ट्रकच्या मागून बाहेर निघालो आणि पावसाच्या पाण्याने भरलेला खड्डा पुढच्या डाव्या चाकाखाली आला. दणका स्टीअरिंगमधून खांद्यापर्यंत.

अंबडच्या टायरवाल्याकडे गाडी जॅकवर चढली. पोराने चाक हाताने फिरवलं, साइडवॉलवर अंगठा फिरवत नेला आणि एका जागी थांबला. लिंबाएवढा फुगा. "भाऊ, आतले दोरे तुटले. पंक्चर असतं तर काढून दिलं असतं, हा टायर गेला." रिमची आतली कडही वाकलेली. ती बाहेरून उभं राहून बघितली तर दिसत नाही.

यातली दोन बिलं नवख्याला माहीत नसतात. पहिलं, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारा विमा) असला तरी नुसता टायर गेला तर साधारणपणे विमा काही देत नाही. त्यासाठी टायरचं वेगळं ॲड-ऑन लागतं. दुसरं, गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे. एक टायर कोरा आणि बाकीचे झिजलेले असले की चाकांचा घेर कमी-जास्त होतो आणि ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागावर, येतो. त्यामुळे एका खड्ड्याचा हिशेब एका टायरवर थांबत नाही.

मी सरळ १८ इंचावर आलो. पुढे २२५/४५, मागे २५५/४०. साइडवॉल साधारण १०१ आणि १०२ मिलिमीटर, बाहेरचा व्यास जवळजवळ तोच, त्यामुळे स्पीडोमीटरही चुकत नाही. सप्तशृंगीच्या घाटात वळणावर स्टीअरिंग पूर्वीपेक्षा किंचित सैल वाटतं, नाही म्हणत नाही. पण त्र्यंबक रोडवर मागे बसलेली आई आता "हळू रे" म्हणत नाही.

आईचा विषय निघालाच आहे तर, ही लक्झरी गाडी म्हणून घेऊ नका. सीट खाली आहे, उतरताना आईला हात द्यावा लागतो. "पाटावर बसल्यासारखं वाटतं," असं तिचं मत. मागे मधला उंचवटा एवढा की तिसरा माणूस घोटीपर्यंतसुद्धा खुशीने येत नाही. मित्राची लांब व्हीलबेसची ई-क्लास आहे. लग्नाला जायचं तर घरचे सगळे तिच्याकडे बघतात, आणि बरोबरच आहे.

ॲव्हरेज गावात सहा-सात, हायवेवर शांत चालवली तर बारा-तेरा. पेट्रोल ९५ ऑक्टेनचंच टाकतो.

सेकंड हँड बघायला गेलात तर चारही टायरांवरचा चार आकडी कोड वाचा. ३२२३ म्हणजे २०२३चा ३२वा आठवडा. पुढच्या दोघांत किंवा मागच्या दोघांत वर्षाचा फरक दिसला तर का, ते विचारा. आणि गाडी जॅकवर चढवून रिमच्या आतल्या बाजूने हात फिरवल्याशिवाय टोकन देऊ नका.