गुडमारच्या पानांची तपासणी: आकड्यापलीकडची निवड

गुडमार या औषधी वनस्पतीच्या कोणत्या वेलीची छाटकलमे लावावीत हे ठरवण्यासाठी आम्ही एका प्रयोगशाळेची तपासणी सेवा घेतली आणि 12 वेलींची सावलीत वाळवलेली पाने स्वतंत्र पिशव्यांत भरून पाठवली. तोवर आमची कसोटी जिभेची होती. पान चावून वर साखर ठेवली की ती वाळूसारखी बेचव लागते, कारण पानातील जिम्नेमिक आम्ले जिभेवरील गोडीचे ग्राहक काही काळ अडवतात. मात्र दोन वेलींमध्ये सरस कोणती, हे जिभेला ठरवता येत नाही.

पानांच्या पाण्यातील अर्कात आम्ल टाकले की तो गढूळ होतो आणि साका खाली बसतो. हा साका वाळवून तोलला आणि त्यालाच जिम्नेमिक आम्ल मानले, तर त्याच्यासोबत बसलेले इतर पदार्थही हिशेबात येतात आणि आकडा फुगतो. या प्रयोगशाळेत मात्र अर्काचे जलविघटन करून, या आम्लांच्या मुळाशी असलेले जिम्नेमाजेनिन एचपीएलसी या, मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या, यंत्रावर मोजतात, आणि पानांतील ओलावा वेगळा नोंदवतात. त्यामुळे वेलींची तुलना खरोखर करता आली. रक्तातील साखर कमी होईल असा कोणताही दावा अहवालात नाही, हेही आम्हाला फार मोलाचे वाटले. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने असा अर्क डॉक्टरांना न विचारता घेतला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते.

दोन तक्रारी आहेत. पहिल्या अहवालात दोन वेलींची पाने एकत्र दळली गेली होती; चूक दाखवल्यावर तपासणी पुन्हा करून दिली, पण आमचा पानतोडीचा हंगाम तोपर्यंत संपत आला होता. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. नमुन्यासोबतच्या अर्जात पानांचे उत्पादन आणि तोडणीची तारीख यांना जागाच नाही, आणि अहवाल वेलींना केवळ टक्केवारीने क्रम देतो. 2 टक्के घटक असलेल्या वेलीने 1 किलो वाळलेली पाने दिली तर हाती 20 ग्रॅम येतात. दीड टक्क्याच्या वेलीने 2 किलो दिली तर 30 ग्रॅम. शिवाय ऋतू आणि पानांचे वय यांप्रमाणे प्रमाण बदलते.

म्हणून अहवालात तिसरी आलेली, पण सर्वांत जास्त पाला देणारी वेल आम्ही मातृवेल म्हणून निवडली आहे. बियांपासूनच्या रोपांत तिचे गुण जसेच्या तसे उतरतील याची खात्री नसते, त्यामुळे तिची छाटकलमेच लावली आहेत. त्यांची पाने पुढच्या तोडणीला याच प्रयोगशाळेकडे पाठवू, तोडणीची तारीख मात्र पिशवीवर आम्हीच लिहू.