बुवा, फोन, सरकारी दवाखाना की नागपूरचा डॉक्टर: आधी कुठं जायचं?

घरातला कर्ता माणूस दोन आठवडे झाले नीट झोपत नाही, जेवण तुटलंय, वावरात जायचं म्हटलं की त्याच्या अंगावर येतं. कोणी म्हणतं टेन्शन घेतलं, कोणी म्हणतं बाहेरचं लागलं. कुठं न्यायचं यावर घरात चार जणांची चार मतं. माझ्या मते फी आणि डिग्रीच्या आधी एवढं बघावं, की ऐन पेरणीतही तिथं पुन्हा पुन्हा जाता येईल का? नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायलाच दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही त्या निदान सहा महिने चालू ठेवाव्या लागतात.

फोन सगळ्यात सोपा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. घरच्यांनी लावला तरी चालतो आणि शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. गावात हा फायदा लहान नाही. पण मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागात रेंजसाठी टेकडी चढावी लागते. तिथं उभं राहून मन मोकळं कोण करणार? दवाखान्याची गरज आहे का, हे ठरवायला मात्र फोन चांगला.

जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी असते. रांग मोठी, डॉक्टरला वेळ कमी, कधी एखादी गोळी बाहेरून आणायला सांगतात. तरी माझं मत इकडंच झुकतं, कारण महिन्याचा खर्च झेपतो. वर्ध्याच्या बाजूला असाल तर सेवाग्राम आणि सावंगी मेघेच्या मेडिकल कॉलेजांत हा विभाग आहे. जाण्याआधी आशाताईशी बोला. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ कार्यक्रमात गावातल्याच माणसांना शिकवून लोकांशी बोलतं केलं, तेव्हा नैराश्य असलेल्यांत उपचार घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ओळखीचं माणूस सोबत असलं की पाय उचलतो.

खासगी डॉक्टर निवांत ऐकतो, हे खरं. पण फी, गाडीभाडं आणि महागडी गोळी मिळून दोन-तीन चकरांनंतर घरचे हात आखडतात, आणि अर्धवट सोडलेलं औषध दुखणं परत आणतं. पहिलं निदान तिथं करून घ्या, चिठ्ठी जपून ठेवा आणि पुढच्या गोळ्या सरकारीत मिळतात का ते विचारा. मेडिकलवाल्याकडून आपल्या मनानं झोपेची गोळी तेवढी घेऊ नका. तिची सवय लागते.

नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला लोक उगाच भितात. भास होतात, सगळ्यांवर संशय येतो, माणूस आवरत नाही, अशा वेळी ते उपयोगी आहे. साध्या उदासीसाठी एवढं लांब जायची गरज नाही.

आता बुवा. तो जवळ आहे, संध्याकाळी भेटतो, सगळं घर बसवून ऐकतो आणि ‘मनानं कच्चा’ असा शिक्का मारत नाही. सासूबाईंचा हट्ट असेल तर भांडू नका; अंगारा कपाळाला आणि गोळी पोटात, दोन्ही चालतं. पण त्यानं गोळ्या बंद करायला सांगितलं, मारलं, साखळीनं बांधलं किंवा मिरचीची धुरी दिली, तर तिथून उठा. भूत उतरवण्याच्या नावाखाली असले प्रकार करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरीच एकदम तोडू नका. झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. (कागदावर दारूबंदी असलेल्या वर्धा-गडचिरोलीतही हे लागू आहे.) त्याला सरळ दवाखान्यात न्या.

‘मरून जावं वाटते’ असं तो म्हणाला, तर ही सगळी तुलना बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी हलवा आणि १४४१६ लावा. औषध पोटात गेलंच असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. १०८ बोलवा, नाही आली तर मिळेल त्या गाडीनं निघा. पोलीस केसच्या भीतीनं थांबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं. डॉक्टरला दाखवायला औषधाचा डबा सोबत घ्या.