एनव्हीआर, परक्या कंपनीचे कॅमेरे आणि घड्याळ: एक पावसाळा वापरून झाल्यावर

एनव्हीआर म्हणजे नेटवर्कवरच्या (आयपी) कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा रेकॉर्डर. माझ्याकडच्या या मशीनचं चित्र स्वच्छ, पंख्याचा आवाज नाही, टीव्हीवर चारही कॅमेरे एकत्र लावले तरी अडखळत नाहीत. बाकी स्पेसिफिकेशन सगळ्यांनी वाचलेलीच असतात. मला बोलायचंय ते घड्याळाबद्दल.

सांगलीत आमचं हळदीचं छोटं गोदाम आहे. तिथले चार मेगापिक्सेलचे चार आयपी कॅमेरे दुसऱ्या कंपनीचे. त्याच कंपनीचा जुना रेकॉर्डर जळाला आणि हा आठ चॅनलचा, म्हणजे आठ कॅमेऱ्यांपर्यंत चालणारा, घेतला. दुकानदार म्हणाला, "कॅमेरेपण बदलून टाका साहेब, एकाच कंपनीचं असलं की कटकट नाही." चांगले चालते कॅमेरे भंगारात घालायचे? खोक्यावर ऑनव्हिफ, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं एकमेकांशी बोलावीत म्हणून ठरवलेला सामाईक नियम, छापलेलं होतं. घेतला, कॅमेरे जोडले, चालले. उन्हाळाभर तक्रार नव्हती. तेव्हाच लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते.

मग पाऊस सुरू झाला आणि लाइट जायला लागली. रेकॉर्डर यूपीएसवर, पण कॅमेऱ्यांचा पीओई स्विच (एकाच केबलमधून कॅमेऱ्याला नेटवर्क आणि वीज देणारा डबा) बाहेर, थेट मेनवर. लाइट आली की चारही कॅमेरे ऑफलाइन आणि पडद्यावर एकच वाक्य: युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा. तोच पासवर्ड कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाकला की कॅमेरा मुकाट उघडतो!

कस्टमर केअरचं उत्तर पाठ झालंय: "सर, कॅमेरा थर्ड पार्टी आहे." फॅक्टरी रीसेट करा म्हणाले. त्यांचा माणूस व्हिजिटचे पाचशे घेऊन आला, रीसेट केलं, हाताने तारीख-वेळ भरली, तरी तोच मेसेज. कॅमेरे खराब आहेत असं सांगून गेला. नवे घेतले तर बारा-चौदा हजार. मी इरेला पेटलो.

कारण असं निघालं. ऑनव्हिफमध्ये रेकॉर्डर नुसता पासवर्ड पाठवत नाही, त्यात त्या क्षणाची वेळ मिसळून पाठवतो. कॅमेरा ती स्वतःच्या घड्याळाशी ताडतो आणि फरक मोठा दिसला की दार बंद. माझ्या कॅमेऱ्यांत घड्याळाची बॅटरी नाही, त्यामुळे वीज गेली की ते थेट 1 जानेवारी 1970 ला जातात. पूर्वी जुना रेकॉर्डर त्यांना वेळ देत असे, म्हणून हे कधी कळलंच नाही.

हाताने वेळ भरूनही का चाललं नाही, तर ही ताडणी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत होते. रीसेटनंतर टाइम झोन कारखान्यातल्या चिनी वेळेवर, प्लस आठवर गेला होता. पडद्यावर सकाळचे दहा बरोबर दिसत होते, पण कॅमेऱ्याच्या हिशोबाने यूटीसी दोन, खरी साडेचार. अडीच तासांचा घोळ, आणि मेसेज काय तर पासवर्ड चुकीचा!

माझा राग इथेच आहे. कॅमेऱ्याची वेळ पासवर्डशिवाय विचारायची सोय ऑनव्हिफच्या नियमातच आहे. रेकॉर्डरने आधी ती विचारून फरक सांभाळला असता तर एवढं रामायण घडलंच नसतं. हे फर्मवेअरचं, म्हणजे मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरचं काम, आणि ते करायला कंपनीला आमचे कॅमेरे परके वाटतात.

मध्यंतरी ऑनव्हिफ सोडून आरटीएसपीची, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र थेट ओढून घेणारी, लिंक टाकून, पोर्ट 554 वर, कॅमेरे जोडले होते. तिथे घड्याळाची भानगड नाही, लगेच चालले. हाच उपाय सगळ्यांना सुचवावा असं ठरवलं होतं, पण आता सुचवत नाही. त्या लिंकवरून नुसतं चित्र येतं, हालचालीचा इशारा येत नाही, म्हणजे रेकॉर्डिंग चोवीस तास. चार एमबीपीएसचे चार कॅमेरे दिवसाला साधारण 173 जीबी खातात. दोन टीबीची डिस्क अकरा-साडेअकरा दिवसांत भरते. मला महिन्याभराचं हवं असतं.

शेवटी प्रत्येक कॅमेऱ्यात टाइम झोन भारताचा, प्लस साडेपाच केला आणि एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून आपोआप वेळ घ्यायची सोय, चालू केलं. तरी वेळ येईना, कारण इन्स्टॉल करणाऱ्याने आयपी (कॅमेऱ्याचा नेटवर्कवरचा पत्ता) स्थिर देताना गेटवे (बाहेर इंटरनेटवर जायची वाट) आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सोय) रिकामे सोडले होते. तिथे राउटरचा पत्ता भरला. तेव्हापासून लाइट आल्यावर कॅमेरे आपोआप परत येतात. खर्च शून्य.

तुमचे कॅमेरे रेकॉर्डरच्याच पाठीमागच्या पीओई पोर्टात असतील तर हे इतकं सरळ नाही. तिथे रेकॉर्डर बहुधा स्वतःचं वेगळं नेटवर्क बनवतो आणि कॅमेऱ्याला इंटरनेट दिसत नाही.

हालचालीचा इशारा चारपैकी तीन कॅमेऱ्यांचा येतो, फाटकावरच्याचा अजून नाही. व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीत एच.265 प्लस बंद करून साधं एच.265 ठेवल्यावर मागचं रेकॉर्डिंग पुढे-मागे करताना तुटणं मात्र थांबलं.

तीन तारे. एक मशीन पैसे वसूल करतं म्हणून, दोन मी स्वतःच दुरुस्त केलं म्हणून. सर्व्हिसला काही नाही. त्यांच्याच कंपनीचे कॅमेरे असतील तर डोळे झाकून घ्या. जुने वापरणार असाल तर पैसे देण्याआधी दुकानातच एक कॅमेरा जोडा, त्याची वीज काढून परत लावा, आणि तो परत येतो का बघा.