मलबा कुठे गेला, हे मी विचारलंच नाही

लिहायला लाज वाटते. पण तो माणूस आत्ताही कुणाच्या तरी छताकडे मान वर करून 'च्च च्च' करत उभा असणार, म्हणून लिहितोय.

घर आजोबांच्या वेळचं, गिलावा चुन्याचा. दोन खोल्यांच्या भिंतींना तडे आणि मधल्या खोलीच्या छताला पंख्यापासून कोपऱ्यापर्यंत लांब भेग. ठेकेदार ओळखीतूनच आला होता, म्हणजे चौकशी केली नाही असं कुणी म्हणू नये. थापीच्या मुठीने ठोकून त्याने पोकळ आवाज ऐकवला. आवाज खरोखरच पोकळ होता, तिथे तो खोटं बोलला नाही. सैल गिलावा उतरवायचा, भेगा खोलून जाळी मारायची, वरून पुन्हा चुनाच. 340 चौरस फूट, एकूण 86,500. 'माल आणायचाय' म्हणून पहिल्याच दिवशी 60,000 घेतले. हो, एवढा ॲडव्हान्स देऊ नये हे मला कळतं, मीच इतरांना सांगत आलोय. पण आई त्याच छताखाली झोपते.

संध्याकाळी कामावरून आलो तर 'सगळं सैल उतरवलं, पहिला हातही मारला' म्हणाला. फरशी लख्ख. आणि मी काय म्हणालो? 'किती स्वच्छ काम करता हो तुम्ही!'

अहो, 340 चौरस फूट गिलावा, जाडी नुसती 12 मिलीमीटर धरा, तरी सहा-सातशे किलो मलबा निघतो. माझ्या दारात दोन घमेली होती. दोन! काम चालू असताना घर धुळीने माखलं नाही तर खूश होऊ नका, घाबरा.

चौथ्या दिवशी उरलेले 26,500 दिले. पाचव्या आठवड्यात छताची पुट्टी पापुद्र्यासारखी सुटली. खाली तोच जुना गिलावा, तीच भेग. भेग वाढतेय का ते बघायला मी तिच्यावर आडवी पेन्सिलची रेघ मारून तारीख घातली होती, तीही जशीच्या तशी. जाळी कसली नि काय कसलं! भिंतींवर चुन्याऐवजी सिमेंट थापलंय. आतली ओल कोंडून आता खालून फुगवटे येताहेत. कुठला थर कशाचा, हे कागदावर लिहून घ्या. प्रत्येक थर झाकण्याआधी फोटो काढा, कामाला सुट्टी टाकावी लागली तरी.

फोन लागत नाही. पोलीस चौकीत सांगितलं, 'काम केलंय ना त्याने? मग ही फसवणूक नाही, दिवाणी दावा लावा.' ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर पक्कं बिल मागितलं. बिल असतं तर रडत कशाला आलो असतो? तिथून इंजिनिअरचा दाखला आणायला पाठवलं. दाखला आणला तर ज्या साहेबाची सही हवी तो रजेवर. तीन खेपा, तीन अर्ज, प्रत्येक वेळी तीच कहाणी पहिल्यापासून. वर एकाने शिकवलं, 'आधी विचार करायचा ना.'

शेवटच्या खेपेला छताचा फोटो दाखवला, त्यातली रेघ दाखवली, माझ्या अक्षरातली तारीख दाखवली. कारकून म्हणाला, 'ही तुम्ही नंतरही मारली असेल.'

'पुट्टीच्या खाली?'

'पुढचे कोण आहेत?' म्हणाला.