खारीचं पिल्लू दूध घेत नाही: शेळीचं, म्हशीचं की डब्यातलं? वात की सिरिंज?

खारीचं डोळे न उघडलेलं पिल्लू घरात आलं की सल्ल्यांना तोटा नसतो. शेजारच्या काकू शेळीचं दूध आणून देतात, आजी कापसाची वात वळायला बसते आणि कुणीतरी म्हणतं, झाडाखाली ठेवून द्या, आई नेईल. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं तथ्य असतं, पण कोणता सल्ला कधी लागू पडतो ते कुणी सांगत नाही. त्यात पिल्लू तोंड मिटून बसलं की माणूस घाबरतो आणि जबरदस्तीनं दूध ओततो. बरीच पिल्लं उपाशी राहून दगावण्याआधी अशा ओतलेल्या दुधानं दगावतात. म्हणून कुठला पर्याय केव्हा निवडायचा, ते इथं शेजारी शेजारी ठेवून लिहितोय.

आईकडे परत, घरी, की जाणत्या माणसाकडे?

आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये कूलर धुवायला काढले, की जाळीमागच्या गवतात घरटं सापडतं. सुतळीचे धागे, चिंध्या आणि शेतातून किंवा गादीतून उचललेला कापूस, असं ते मऊ गोळा झालेलं असतं. अशा वेळी आई बहुतेक जिवंत असते आणि जवळपासच कुठेतरी ओरडत असते. तेव्हा पिल्लू तिच्याकडे परत देणं हाच सगळ्यात चांगला पर्याय आहे आणि यावर माझ्या मनात जराही शंका नाही. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू टाकून देते, हा समज खरा नाही. ती एकेक पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या जागी नेते.

त्यासाठी उथळ खोका घ्या, त्यात घरट्याचंच साहित्य घाला, पिल्लं ठेवा आणि खोका सापडल्या जागेजवळ, सावलीत, मांजर आणि कावळा पोचणार नाही असा बांधा. थंडी असेल तर कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा. मग लांब व्हा, घरातल्या पोरांनाही आत बोलवा. दोन-तीन तास वाट बघायला हरकत नाही, पण दिवसाउजेडीच. खार दिवसा फिरणारा प्राणी आहे. अंधार पडल्यावर ती येणार नाही आणि रात्रभर बाहेर राहिलेलं पिल्लू सकाळपर्यंत गार पडतं.

आई मेलेली दिसली, पिल्लू जखमी असलं, अंगावर मुंग्या लागल्या असल्या किंवा मांजराच्या तोंडातून सुटून आलं असलं, तर वाट बघत बसू नका. मांजराचा दात लागला असेल तर टोचल्याची खूण दिसो न दिसो, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. मांजराच्या लाळेतल्या जंतूंनी दोन दिवसांत खेळ संपतो आणि त्यावर अँटिबायोटिक लागतंच. ते पिल्लाच्या वजनावर ठरतं, त्यामुळे घरातल्या मुलाचं उरलेलं औषध देऊ नका.

राहिला प्रश्न घरी वाढवायचं की सोपवायचं. वनविभागाचा 1926 हा हेल्पलाइन क्रमांक आहे. गावोगावचे सर्पमित्रही वन्यजीव हाताळणाऱ्यांना ओळखतात. एका प्रवासात पोचता येईल अशा अंतरावर अनुभवी माणूस असेल तर पिल्लू त्यांच्याकडे द्या. खार वन्यजीव आहे, 1972 च्या कायद्यानं तिला संरक्षण आहे आणि ती पाळायची नसते. पण अक्कलकुव्याला किंवा शिरपूरच्या पलीकडच्या पाड्यावर संध्याकाळी सात वाजता पिल्लू सापडलं, तर रात्र तुम्हालाच काढायची आहे. पुढचं सगळं त्या रात्रीसाठी आणि गरज पडली तर त्यानंतरच्या दिवसांसाठी.

तोंड का उघडत नाही?

दूध कोणतं, याआधी हे बघा. पिल्लू दूध नाकारतं त्याचं सगळ्यात मोठं कारण दूध नसतंच, गारठा असतो. केस न आलेल्या पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. अंग गार असलं की आतडं काम करत नाही. घशाखाली गेलेलं दूध पोटात तसंच राहतं, आंबतं, पोट फुगतं. हाताला पिल्लू गार लागत असेल तर एक थेंबही देऊ नका. आधी ऊब. तळहातात धरा, नाहीतर कापडात गुंडाळलेल्या कोमट बाटलीशी ठेवा. खोक्याच्या अर्ध्याच भागाला ऊब द्या, म्हणजे नको झाल्यावर पिल्लाला सरकता येतं. कापड सुती, जुनं, धुऊन मऊ झालेलं घ्या. टॉवेल नको, त्याच्या फासांत नखं अडकतात.

डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा एक आकडी होतो तेव्हा हे लगेच पटतं. मे महिन्यात गडबड उलट होते. जळगाव-भुसावळला दुपारी पारा 44-45 वर असताना पिल्लाला वरून बाटली दिली तर ते भाजून निघेल. त्या दिवसांत पिल्लू बहुधा पाण्यावाचून सुकलेलं असतं, तोंड न उघडण्याचं हे दुसरं कारण. मानेमागची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडा. ती लगेच खाली न बसता घडीसारखी उभी राहिली, तर अंगात पाणी कमी आहे. आणि मेमध्येही पिल्लाला कूलरच्या झोतात ठेवू नका, रात्री त्या ओल्या वाऱ्यानं ते गारठतं.

ऊब मिळाल्यावर पहिल्या दोन-तीन वेळा दूध नाही, ओआरएस. मेडिकलमधली लिटरची पुडी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवा. अंदाजानं पुडीतला चिमूटभर घेऊन वाटीत घोळू नका, मिठाचं प्रमाण बिघडतं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. देताना कोमट करा. जे पिल्लू दुधाला तोंड लावत नव्हतं ते ओआरएसचा थेंब चाटायला लागतं, हे फार वेळा बघायला मिळतं.

तिसरं कारण लोकांच्या लक्षातच येत नाही. डोळे उघडेपर्यंत पिल्लाला आपलं आपण शी-शू करता येत नाही, आई चाटून करवून घेते. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस शेपटीखाली हलक्या हातानं फिरवा, पाजण्याच्या आधी आणि नंतरही. पोट तट्ट असेल तर ते दूध घेणार नाही आणि घेऊही नये. गुलाबी, बिनकेसाच्या पिल्लाच्या पोटाच्या कातडीतून आतलं दूध पांढरं दिसतं. मागच्या वेळचा पांढरा ठिपका अजून तसाच असेल तर पुढची पाळी थोडी लांबवा.

शेळीचं, म्हशीचं, गायीचं की डब्यातलं?

खारीचं दूध गायीच्या दुधापेक्षा कितीतरी घट्ट, स्निग्धांश जास्त आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, कमी. तुलना या दोन गोष्टींवर करायची.

गायीच्या दुधात स्निग्धांश साधारण साडेतीन-चार टक्के आणि लॅक्टोज पाच टक्क्यांच्या आसपास. पोट भरल्यासारखं वाटतं, पण पिल्लाला जुलाब होतात आणि वजन चढत नाही. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा ते आठ टक्के, म्हणून ते बरं असं वाटू शकतं. पण लॅक्टोज तेवढंच आणि दह्यासारखा घट्ट गोळा पोटात बसतो. त्यात पाणी घातलं तर ज्यासाठी ते घेतलं तो स्निग्धांशच पातळ होतो. हे दोन्ही माझ्या यादीत शेवटी.

शेळीचं दूध आपल्याकडे लहान पोरांना, आजाऱ्यांना देतात ते उगाच नाही. त्यातले स्निग्धकण बारीक असतात, पोटात दही मऊ बनतं. पण लॅक्टोजच्या बाबतीत ते गायीच्या दुधापेक्षा किंचितच कमी आहे. म्हणून एक-दोन दिवसांचा आधार म्हणून शेळीचं दूध चालेल, उकळून, कोमट करून. त्यावर पिल्लू मोठं होईल असं धरून चालू नका.

बाळाच्या दुधाची पावडर मेडिकलमध्ये सहज मिळते म्हणून बरेच जण तीच घेतात. ती माणसाच्या दुधाला जवळ जाईल अशी बनवलेली असते आणि माणसाच्या दुधात लॅक्टोज तब्बल सात टक्के असतं, प्रथिनं कमी. खारीच्या पिल्लाला हवं त्याच्या बरोबर उलट. शेळीचं दूध मिळत असेल तर ही पावडर घेऊ नका.

कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर यात स्पष्टपणे पुढे आहे. परदेशात खारी वाढवणारे लोक एस्बिलॅक नावाची अशी पावडर वर्षानुवर्षं वापरतात. आपल्याकडे पेट शॉपमध्ये लॅक्टॉल किंवा तत्सम काही मिळतं. जळगाव-धुळ्याला दुकानात विचारा, तालुक्याला असाल तर ऑनलाइन मागवा आणि डबा येईपर्यंत शेळीवर भागवा. खर्च जास्त आहे, हे खरं. पण एका पिल्लाला दिवसाला लागतं किती? काही मिली. छोटा डबा पुरून उरतो. गुठळ्या राहू देऊ नका आणि कालवलेलं दूध काही तास फ्रिजमध्ये ठेवून फेस बसू द्या. लागेल तेवढंच वाटीत घेऊन गरम पाण्यावर धरा, उरलेलं टाका. मनगटावर थेंब टाकून ना गार ना चटका असं लागलं की झालं. गार दूध तर धडधाकट पिल्लूही थुंकतं.

एकदम पूर्ण दुधावर येऊ नका. ओआरएसनंतर त्यातच पाव हिस्सा दूध, मग अर्धं, मग पाऊण, असं एक-दोन दिवसांत चढवा. आज शेळीचं, उद्या पावडर, परवा पुन्हा म्हशीचं, अशा धरसोडीनं पोट बिघडतं आणि मग पिल्लू सगळ्यालाच नाही म्हणतं.

वात, ड्रॉपर की सिरिंज?

कापसाची वात हा आपला जुना मार्ग. तिचा गुण एकच, दूध एकदम घशात जात नाही. पण किती दूध गेलं ते कळत नाही, पिल्लू चोखता चोखता कापसाचे तंतू गिळतं आणि वात लगेच गार होते. घरात दुसरं काहीच नसेल तेव्हा सुती कापडाचं टोक घट्ट पिळून वापरा, सुटा कापूस नको.

ड्रॉपर सगळ्यात धोक्याचा. रबर दाबलं की किती थेंब पडतील यावर आपला ताबा राहत नाही. खारीच्या नवजात पिल्लाचं तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं. जास्तीचं दूध सरळ श्वासनळीत जातं.

एक मिलीची, सुई काढलेली सिरिंज घ्या. मेडिकलमध्ये काही रुपयांना मिळते. वापरण्याआधी दट्ट्या पाण्यात आठ-दहा वेळा मागेपुढे करा, नाहीतर तो अडकतो आणि एकदम सुटून अर्धं दूध तोंडात उडवतो. दट्ट्या चिकटायला लागला की सिरिंज बदला.

आता प्रत्यक्ष पाजणं. पिल्लाला माणसाच्या बाळासारखं उताणं धरू नका. पोट खाली, डोकं थोडं वर, मागचं अंग तुमच्या मुठीत कापडासकट. एका हाताच्या तर्जनीवर त्याची हनुवटी टेकू द्या. सिरिंजच्या टोकावर एकच थेंब आणा आणि तो ओठाला लावा, तोंडात घालू नका. पहिल्यांदा ते मान फिरवतं, पुढच्या पायांनी सिरिंज ढकलतं. थांबा. ओठावरचा थेंब त्याच्या जिभेला लागू द्या. काही वेळानं गुलाबी जिभेचं टोक बाहेर येतं, मग दुसरा थेंब. चोखायला लागलं की त्याच्या गतीनंच दट्ट्या सरकवा, आपल्या नाही. दूध नाकातून आलं तर ताबडतोब बंद करा, डोकं खाली झुकवा, नाक टिपा आणि श्वास साफ होईपर्यंत परत देऊ नका.

ढकलाढकली चालूच राहिली तर पाच मिनिटांत थांबा, उबेत ठेवा, अर्ध्या तासानं पुन्हा बघा. दर वेळी झटापट झाली की पिल्लाची ताकद त्यातच जाते.

प्रमाण वजनाच्या पाच टक्के धरा. दहा ग्रॅमचं पिल्लू असेल तर एका वेळी अर्धा मिली, वीस ग्रॅमचं असेल तर एक मिली. स्वयंपाकघरातला काटा एवढं बारीक वजन नीट दाखवत नाही. ओळखीच्या सोनाराकडे न्या, जळगाव जिल्ह्यात सोनार शोधायला लांब जावं लागत नाही. रोज एकाच वेळी वजन लिहून ठेवा. बिनकेसाच्या पिल्लाला दर दोन तासांनी, लव आल्यावर तीन तासांनी. एकदा अंगात पाणी आणि जोर आला की रात्री चार तासांचं अंतर चालतं. घरात दिवसभर कुणी नसेल तर हे जमणार नाही. तेव्हा मन घट्ट करून पिल्लू दुसऱ्याच्या हाती द्या. डोळे साधारण तीन आठवड्यांच्या सुमारास उघडतात, त्यानंतर काम हलकं होतं. केळं आणि बिस्किटं मात्र तेव्हाही नकोत.

घरचे प्रयत्न कधी थांबवायचे, तेही आधीच ठरवून ठेवा. पिल्लू उबदार आहे, ओआरएस गेलंय, शी-शू झालीय आणि तरी लागोपाठ दोन-तीन पाळ्या तोंड लावत नसेल, तर दूध बदलत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. श्वासाबरोबर टिकटिक आवाज येत असेल, तोंड उघडून श्वास घेत असेल, तर एक पाळीसुद्धा थांबू नका, फुप्फुसात दूध गेलेलं असतं. गुरांच्या दवाखान्यात एवढं छोटं जनावर रोज येत नाही. म्हणून जाताना वजन, काय किती पाजलं आणि शेवटची शी कधी झाली, एवढं कागदावर लिहून न्या. औषधाचा हिशेब त्या वजनावरच लागणार आहे.